डोह उपसला तेव्हा

त्या डोहाचा पत्ता मी इथे लिहिणार नाही. माजलगावहून तेलगाव, तिथून धारूरच्या डोंगराकडे, एवढंच सांगतो. पुढचे फाटे एकदा सांगून बसलो आहे, त्याचीच ही हकिगत.

मी शाळामास्तर. माजलगावात गणित शिकवतो. आमच्या घरात मासा शिजत नाही, बायकोला वासही सहन होत नाही, आणि मी स्वतः आजवर माशाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. तरीही सहा-सात वर्षं बहुतेक सगळे रविवार मी गळ टाकून पाण्याकाठी काढले. हे ज्याच्यामुळे झालं तो माणूस मोटारसायकलचा मिस्तरी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, छोटी पांढरी दाढी, ऑइल मुरून कायमची काळी झालेली नखं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं आणि बोलणं हातातल्या पान्यापेक्षा कमी चालायचं. एका शनिवारी माझी गाडी त्याच्याकडे उघडून पडली होती. पार्ट यायचा होता. उद्या या म्हणेल असं वाटलं, तर म्हणाला, उद्या गॅरेज बंद, धरणावर गळाला जाणार. मी कसा कोण जाणे म्हणालो, मीपण येऊ का? त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पहाटे पाचला तयार राहा म्हणाला, आणि पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

त्या पहिल्या दिवशी मला काही मिळालं नाही. त्याला दोन रोहू आणि एक लहानगी चिलापी मिळाली. चिलापी त्याने तोंडातून गळ हलकेच काढून पाण्यात सोडून दिली. मी विचारलं तर म्हणाला, आज घरी चार माणसं जेवायला आहेत, दोन मासे पुष्कळ झाले. पुढे कळलं, तो नेहमी असंच करायचा. घरी किती ताटं आहेत ते आधी मनात धरून ठेवायचा आणि तेवढं झालं की काठी गुंडाळायचा. मी धरलेले मासेसुद्धा त्याच्याच घरी जायचे. एकदा त्याने मला विचारलं, “सर, तुमी मासा खात न्हाई, मग धरता कावून?” मला उत्तर देता आलं नाही. आज विचारलं तर देईन. शाळेत पोरं प्रश्न विचारतात, घरी बायको विचारते, वर्गशिक्षकाला पालक विचारतात. तिथे चार-पाच तास मला कोणी काही विचारत नव्हतं. गळाच्या दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा बुडतो की नाही एवढंच बघायचं होतं.

सुरुवातीला धरणाच्या पाण्याकाठी आमच्यासारखे पाच-सहा जण असायचे. सगळे तोंडओळखीचे, एकमेकांपासून हाक पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर बसलेले. मग बघता बघता गर्दी झाली. बाहेरच्या गाड्या येऊ लागल्या. चकचकीत चाकाच्या काठ्या, स्पीकर, बिर्याणीचे डबे, थर्माकोलच्या पत्रावळ्या. मासा लागला की आधी मोबाइल वर व्हायचा. एकाची दोरी दुसऱ्याच्या दोरीत, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. एका रविवारी मिस्तरीने सकाळभर दुसऱ्यांच्या गाठी सोडवल्या. दुपारी काठ्या बांधल्या आणि म्हणाला, आता आपण दुसरं पाणी बघू.

मग आमचं पाणी बघणं सुरू झालं. नियम एवढाच की सकाळी निघून दिवस मावळायच्या आत घरी परत यायचं. त्याची जुनी गाडी, मागे मी, माझ्या मांडीवर काठ्या आणि मातीत ठेवलेल्या गांडुळांचा डबा. धरणाखाली सिंदफणेच्या पात्रात गेलो, तिथे पाणी सोडलं तरच नदी. कुंडलिकेवर गेलो, काठ खचलेला, बसायला जागा नाही. एकदा थेट आष्टीकडे गेलो. तिकडे त्याची बहीण दिलेली, मेव्हणा फळांचा गाडा लावायचा. दिवसभर हिंडून एक डबकं सापडलं, त्यातही म्हशी बसलेल्या. मग बहिणीकडे जेवलो, तिने माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केली होती, आणि परत आलो. मी चिडलो होतो. तो म्हणाला, तिकडं पाणी न्हाई हे तरी कळलं.

डोह सापडला तो असाच एका रविवारी, शोधायचं जवळजवळ सोडून दिल्यावर. डोंगरातल्या रस्त्यावर एक बाई मेंढरं घेऊन उभी होती. पन्नाशीची, अंगाने काटक, डोक्यावर घोंगडीची घडी. गाडीच्या हँडलला लटकलेली पान्यांची पिशवी बघून तिने आम्हाला थांबवलं. तिच्या विहिरीवरचं इंजिन तीन दिवसांपासून बंद होतं. नवरा वारलेला, दोन मुली नांदायला गेलेल्या, ती आणि चाळीसेक मेंढरं, एवढाच तिचा पसारा. मिस्तरीने गाडी बाजूला लावली. तासाभरात इंजिन सुरू करून दिलं आणि मजुरी घेतली नाही. तिने चहा केला. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, इकडं कुठं बारमाही पाणी हाय का? तिने आमच्या काठ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, चला.

काळ्या कातळाच्या खाली ते पाणी होतं. आमच्या शाळेचे दोन वर्ग शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा होईल तेवढं. कातळाच्या पोटातून बारीक झरा येत होता, वर उंबर ओणवलेला. पाणी इतकं गडद की काठीचं टोक हातभर खाली गेलं की दिसेनासं व्हायचं. तिच्या सासऱ्याने म्हणे एकदा बाजेची सगळी दोरी उकलून त्यात सोडली होती, तळ लागला नव्हता. तिची मेंढरं उन्हाळ्यात तिथेच पाणी प्यायची.

तिने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्यावर येतात, लाल ठिपक्यांचा गोळा फिरावा तशी. खाली नर-मादी राखण करत असतात. ती पिल्लं पांगेपर्यंत गळ टाकायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, दोघं आलात तर दोघंच येत जा. तिसरा माणूस आणायचा नाही. मिस्तरीने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “जबान दिली, ताई.” मीही मान हलवली. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मिस्तरी म्हणाला, हे सर आहेत, शाळेत शिकवतात. त्यावर ती हसली. मग गुरुजींचं काय विचारायचं, म्हणाली.

तीन वर्षं आम्ही तिथे जात होतो. दर रविवारी नाही, महिन्यातून दोनदा, कधी एकदा. पावसाळ्यात गेलो तर काठ्या न नेता जायचो. एकदा पिल्लांचा तो लाल गोळा खरंच बघितला. पाण्यावर बशीएवढा डाग, सारखा हलणारा, आणि त्याच्याखाली दोन काळ्या सावल्या. मिस्तरी उकिडवा बसून अर्धा तास बघत राहिला. त्याला चार मुलं. म्हणाला, आमी तरी एवढं राखलं न्हाई कुणाला.

कातळाच्या कपारीत एक थोराड मरळ होती. बाई तिला म्हातारा म्हणायची. म्हातारा मिस्तरीच्या गळाला दोनदा लागला आणि दोन्ही वेळा दोरी तोडून गेला. दुसऱ्या वेळी मला वाटलं, मिस्तरीने हात मुद्दाम सैल सोडला. मी तसं म्हणालो तर त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. तिथे आम्ही फार कमी बोलायचो. तो शुक्रवारच्या नमाजाबद्दल, थोरल्या मुलाच्या पुण्यातल्या नोकरीबद्दल चार वाक्यं बोलायचा, मी शाळेतलं काहीबाही सांगायचो. मग पुन्हा शांत. आयुष्यात माझे मित्र पुष्कळ झाले, पण ज्याच्याशेजारी गप्प बसता येतं असा तो एकच.

आता माझ्या मेव्हण्याचं सांगायला हवं. बायकोचा धाकटा भाऊ, पुण्याला नोकरीला. माणूस वाईट नाही. पण आमच्याकडे आला की त्याचं एक पालुपद असायचं, इथं आहे काय? धूळ, ऊन, ऊस तोडायला निघालेल्या गाड्या. तुम्ही इथे दिवस कसे काढता, असं तो मला दर वेळी विचारायचा आणि मी दर वेळी हसून सोडून द्यायचो. त्या वर्षी माघात तो दोन मित्रांना घेऊन आला. तिघांनाही नुकता मासेमारीचा नाद लागलेला. धरणावर जाऊन आले आणि वैतागून परतले. जेवताना मेव्हणा म्हणाला, तुमच्याकडे पाणी आहे तेवढं एकच, तिथेही जत्रा.

मी म्हणालो, माझ्याकडे एक जागा आहे.

हे वाक्य मी का बोललो ते मला माहीत आहे. ते तिघं जेवता जेवता थांबले, माझ्याकडे बघू लागले, आणि मला बरं वाटलं. मिस्तरी त्या आठवड्यात आष्टीला भाचीच्या लग्नाला गेला होता. तो असता तर मी बोललो नसतो. रविवारी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मी त्यांना वाट दाखवत नेलं. इथे डावीकडे, आता ओढा ओलांडा, आता गाडी इथे लावा. वाटेत त्यांना बजावलं की ही जागा कोणाला सांगायची नाही. ते हो हो म्हणाले. बाई बाजाराला गेली होती, मेंढरं तिच्या दिराच्या पोरीकडे, लांबच्या माळावर. कोणी आम्हाला बघितलं नाही. मला त्याचंही बरं वाटलं.

त्या दिवशी डोहाने हात सैल सोडला. चौघांना मिळून दहा-बारा मरळी लागल्या. एक मोठी माझ्या गळाला. मेव्हण्याने ती माझ्या दोन्ही हातांत देऊन व्हिडिओ काढला. मी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोललोही, हे आमचं बीड, असं काही. एकही मासा परत सोडला नाही. किती ताटं आहेत हे त्या दिवशी कोणी धरलं नव्हतं. संध्याकाळी ते तसेच पुण्याला निघून गेले, बर्फाच्या पेटीत मासे घालून.

चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, सर, तुम्ही तर प्रसिद्ध झालात. मी मासा धरून हसत होतो. खाली कोणीतरी विचारलं होतं, ठिकाण कुठलं, आणि मेव्हण्याच्या मित्राने फाट्यासकट सगळं लिहिलं होतं, माजलगावच्या माणसाने दाखवलं हेही. मी मधल्या सुट्टीत मेव्हण्याला फोन केला. त्याला मी एवढा का तापलो ते कळेना. काढून टाकतो म्हणाला. दोन दिवसांनी काढलं. तोवर ते कुठल्या कुठे गेलं होतं.

मिस्तरीला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा उंबराखाली बाटल्या पडलेल्या होत्या आणि पलीकडच्या काठावर पाच-सहा अनोळखी माणसं बसली होती. मिस्तरीने बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या. परत येताना मी मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत होतो. पाठीला सांगणं सोपं होतं. तेही जमलं नाही. त्यानंतरच्या रविवारी त्याला काम निघालं, मग मला परीक्षेचं काम निघालं, आणि आमचं जाणं थांबलं.

वैशाख लागला होता. शाळेला सुट्टी. मी संध्याकाळी गॅरेजसमोरच्या स्टुलावर बसलो होतो, मिस्तरी एका गाडीची चेन बसवत होता, आणि ती बाई समोर येऊन उभी राहिली. डोंगरातून जीप बदलत बदलत आली असणार. तिला मी पहिल्यांदाच डोंगराबाहेर बघत होतो. ती बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

तिने सांगितलं ते असं. दोन-अडीच महिने माणसं येत होती. पाणी आटून कमी झालं तसे मासे कपारीत गेले, गळाला लागेनात. मग कोणीतरी पिकावर फवारायचं औषध पाण्यात ओतलं. सकाळी मासे वर आले, पोत्यात भरून नेले. तिला हे माहीत नव्हतं. दुपारी मेंढरं पाण्यावर गेली. चार मेली, त्यातली एक गाभण.

गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. ती मिस्तरीकडे बघून म्हणाली, “दादा, म्या येणाराला इचारलं, तुमाला वाट कुणी दावली? समदे म्हनले, माजलगावचा मानूस. माजलगावची मला दोनच मानसं ठावं. गुरुजी असलं करायचे न्हाईत. तुमी जबान दिलती.”

मग माझ्याकडे वळली. “तुमी तरी समजवायचं ह्यांना, गुरुजी.”

मी स्टुलावर बसून होतो. उठलो नाही. माझ्या तोंडात शब्द तयार होता, तीन अक्षरी, मीच तो, आणि तो बाहेर आला नाही. गिऱ्हाइकांतला एक जण माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप होता, हे मला त्या क्षणी आठवत होतं. मिस्तरीने चेन खाली ठेवली. एकदाच, अगदी थोडा वेळ, माझ्याकडे बघितलं. मग हात पुसले आणि तिला विचारलं, पाणी अजून तसंच हाय का? बाकीची जनावरं कुठं हायत? तिने सांगितलं, दिराच्या हौदावर. तो म्हणाला, तिथंच ठिवा. उद्या येतो. तिने त्याला आणखी बरंच सुनावलं. तो खाली बघून ऐकत राहिला. ती गेल्यावर चेन उचलून त्याने राहिलेलं काम पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेज बंद ठेवलं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून डिझेलचं इंजिन आणि पाइप आणले, टेम्पोत चढवले. मी न बोलावता गेलो. त्यानेही नको म्हटलं नाही. डोहापासून बऱ्याच अंतरावर, ओढ्याच्या उलट्या अंगाला, मुरमाड पडीक जमीन होती. तिथे आम्ही बाईच्या दिराला घेऊन मोठा खड्डा खणला, चर काढले, म्हणजे ते पाणी पुन्हा ओढ्याला लागायला नको. मग इंजिन सुरू केलं. दोन दिवस ते चालू होतं. मध्ये मध्ये गरम होऊन बंद पडायचं, मिस्तरी त्याच्यापाशी बसायचा, काहीतरी खोलायचा, पुन्हा लावायचा. बाई कातळावर बसून असायची. आमच्याशी बोलायची नाही. मला मात्र दोन्ही दिवस दुपारी भाकरी आणि ठेचा आणून दिला. मिस्तरीने स्वतःचा डबा आणला होता.

तिथे तिला सांगायला मला दोन अख्खे दिवस होते. एकदा ती भाकरी देताना म्हणाली, गुरुजी, उन्हात कावून राबता, तुमचा काय दोष? मी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तळ लागला. तीन वर्षं आम्ही ज्याच्यावर नजर लावून बसलो होतो ते सगळं उघडं पडलं. बाजेच्या दोरीला लागला नाही म्हणतात तो तळ दीड पुरुषापेक्षा खाली नव्हता. काळा गाळ, झिजलेले धोंडे, एक फुटकी घागर, आमच्याच तुटलेल्या दोऱ्या. पोत्यात न गेलेले लहान मासे गाळात पांढरे पडलेले. कपार आत बरीच लांब होती. मिस्तरी चिखलात उतरला, वाकून आत हात घातला आणि म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. मरून तीन-चार दिवस झाले असावेत. खालच्या ओठात मिस्तरीचेच दोन गंजलेले गळ अडकलेले होते. मिस्तरी ते बघत गुडघाभर गाळात उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मग त्याने वर येऊन उंबरापासून लांब खड्डा केला आणि ते सगळे मासे पुरले. गाळ आम्ही घमेल्यांनी उपसला, अंधार पडेपर्यंत. झरा चालू होता. निघालो तेव्हा तळाशी ताटभर स्वच्छ पाणी साठलं होतं.

मी त्याला सांगितलं ते ज्येष्ठात, शाळा सुरू झाल्यावर. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. मेव्हणा, व्हिडिओ, सगळं सांगितलं, आणि माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला पहिल्याच आठवड्यात कळलंतं, सर. गिऱ्हाइकानं मोबाइल दावला. तुमी मासा धरून हुबे.”

मी विचारलं, मग बाई आली तेव्हा का बोलला नाहीत?

“तुमी सांगताल म्हनून वाट बघत व्हतो,” तो म्हणाला. “त्या दिवशी न्हाई तर डोहावर सांगताल. न्हाई तर येताना टेम्पोत.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं. मी म्हणालो, आता जाऊन तिला सांगतो. तो म्हणाला, ते तुमचं तुमी बघा. त्याला एका गाडीचं काम करून द्यायचं होतं, तो कामाला लागला. मी थोडा वेळ बसलो आणि उठून आलो.

आमचं भांडण झालं नाही. माझी गाडी अजूनही त्याच्याकडेच असते. तो पूर्वीइतकंच नीट काम करतो, चहा मागवतो, घरचं विचारतो. पण पाण्याचा विषय निघत नाही. एकदा मी म्हणून बघितलं, पाटोद्याकडे एक ओढा आहे म्हणतात, जाऊ या का? गुडघे दुखतात, म्हणाला. गुडघे दुखतच असतील. वय झालंय.

बाईकडे जायला मला कार्तिक उजाडला. पाच महिने का लागले याचं कारण देता येईल, पण ते खरं नसेल. एकटाच गेलो. ती अंगणात मेंढराच्या खुरातला काटा काढत होती. बसा म्हणाली, पाणी आणून दिलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, वाट मी दाखवली होती, त्या माणसाचा काही संबंध नव्हता, तो त्या दिवशी आष्टीला होता.

तिने मेंढरू सोडलं नाही. काटा काढून होईपर्यंत मान खाली घालून होती. मग विचारलं, “म्या त्यांना एवढं बोलले. ते काईच कावून बोलले न्हाईत?”

मी म्हणालो, मी बोलेन म्हणून ते थांबले होते.

तिने मेंढरू सोडून दिलं. नंतर तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मिस्तरी पावसाळ्यात दोनदा येऊन गेला होता. कुठल्यातरी शेततळ्यातून मरळीची पिल्लं दुधाच्या कॅनमधून आणली, डोहात सोडली. ती त्याला पाणीसुद्धा द्यायला उठली नव्हती. त्यानेही मागितलं नव्हतं. पिल्लं जगली का, मी विचारलं. तिला सांगता येईना, पाणी गढूळ होतं म्हणाली.

मी निघालो तेव्हा ती वाटेपर्यंत आली. म्हणाली, “गुरुजी, राग धरू नका. पर तुमी आता इकडं येत जाऊ नका.” मी बरं म्हणालो. वळणावरून डोहाकडे उतरणारी पायवाट दिसत होती, तिच्यावर नुकत्याच गेलेल्या मेंढरांच्या लेंड्या होत्या. म्हणजे पाणी पिण्यासारखं झालं होतं. मी उतरून बघितलं नाही. गाडी चालू केली आणि तेलगावच्या रस्त्याला लागलो. घरी पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. बायकोने विचारलं, आज एवढ्या लवकर कसे? मी म्हणालो, काम झालं.